स्फटिकाचा कंप आणि क्ष-किरणांची साक्ष

दिल्लीहून यमुना ओलांडून पूर्वेकडे गेले की साहिबाबादची औद्योगिक वसाहत लागते. हा भाग गाझियाबाद जिल्ह्यात मोडतो. परंतु १९७४ मध्ये येथे सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीची स्थापना झाली तेव्हा गाझियाबाद स्वतंत्र जिल्हाही नव्हता, मीरत जिल्ह्याचा तो एक भाग होता. राष्ट्रीय प्रयोगशाळांत सिद्ध झालेले तंत्रज्ञान कारखान्यापर्यंत पोहोचविणे हा या कंपनीचा मूळ हेतू. भारतातील पहिला सौर घट १९७७ मध्ये आणि पहिले सौर पटल १९७८ मध्ये येथे तयार झाल्याची नोंद कंपनीच्या इतिहासात आहे.

सौर घट म्हणजे मूलतः सिलिकॉनच्या स्फटिकाची एक पातळ चकती. तिच्यावर ऊन पडले की वीज निर्माण होते. ऊन जितके प्रखर तितकी वीज अधिक, असे वाचकास साहजिकच वाटेल आणि ते बव्हंशी खरेही आहे. परंतु मे महिन्यात गाझियाबादच्या छपरांवर लू वाहू लागते तेव्हा पटलाचे तापमान ६५ अंश सेल्सिअसपर्यंत सहज चढते, आणि त्याच प्रखरतेच्या उन्हात थंड पटल जितकी वीज देईल त्यापेक्षा हे तापलेले पटल कमी वीज देते. पटलाची क्षमता कारखान्यात २५ अंश तापमानास ठरविलेली असते. तेथून वर प्रत्येक अंशामागे सिलिकॉनचे सर्वसाधारण पटल सुमारे ०.४ टक्के शक्ती गमावते. चाळीस अंशांच्या फरकाने सोळा टक्के शक्ती नाहीशी होते. सूर्य तोच, सिलिकॉन तेच. मग मध्ये बदलले काय?

बदलली ती स्फटिकातील अणूंची हालचाल. सिलिकॉनमधील बद्ध इलेक्ट्रॉनास मोकळे करण्यासाठी किमान जी ऊर्जा द्यावी लागते तिला ऊर्जा-अंतराळ म्हणतात. निरपेक्ष शून्य तापमानाजवळ हे अंतराळ १.१७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. सामान्य तापमानास ते १.१२ वर उतरते. या घटीचा मोठा भाग अणूंच्या कंपनांशी असलेल्या इलेक्ट्रॉनांच्या संबंधातून येतो. घटाचा विद्युत् दाब कमी होण्यास उष्णतेने आपोआप मोकळे होणारे इलेक्ट्रॉन हे प्रमुख कारण आहे हे खरे. अंतराळाचे आकुंचन त्यात भर घालते. इलेक्ट्रॉन आणि स्फटिकाची कंपने यांच्यातील या देवघेवीला भौतिकीत इलेक्ट्रॉन-फोनॉन युग्मन असे नाव आहे. ते किती बलवान आहे हे एका संख्येने सांगता येते. ही संख्या वर्णपटातून कशी वाचली जाते, आणि वाचताना कोठे फसगत होण्याचा संभव असतो, हा येथील विषय आहे.

प्रथम फोनॉन म्हणजे काय ते पाहू. स्फटिकातील अणू एका सुबक जालकात मांडलेले असतात आणि प्रत्येक अणू शेजाऱ्यांशी जणू स्प्रिंगांनी जोडलेला असतो. एकाला धक्का बसला की तो शेजाऱ्याला लागतो, आणि कंपनाची लाट जालकातून पुढे सरकते. पुंजयामिकीच्या नियमानुसार अशा लाटेची ऊर्जा वाटेल तेवढी असू शकत नाही. ठराविक मापाच्या पुड्यांनीच ती वाढते किंवा घटते. प्रकाशाच्या अशा पुडीस फोटॉन म्हणतात, तसे स्फटिकातील कंपनाच्या पुडीस फोनॉन म्हणतात. सिलिकॉनमधील सर्वांत जोमदार फोनॉनाची ऊर्जा सुमारे ०.०६५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे ऊर्जा-अंतराळाच्या सतराव्या हिश्श्याहून थोडी कमीअधिक, इतकीच असते. आकार लहान असला तरी त्याचे काम लहान नाही.

सिलिकॉनच्या बाबतीत निसर्गाने एक अडचण करून ठेवली आहे. इलेक्ट्रॉनास बद्ध अवस्थेतून सर्वांत जवळच्या मुक्त अवस्थेत जायचे तर केवळ ऊर्जा पुरत नाही, संवेगही बदलावा लागतो. फोटॉन ऊर्जा देतो, पण संवेग जवळजवळ देतच नाही. कारण त्याची तरंगलांबी एका मायक्रोमीटरच्या आसपास, तर जालकाचे घर ०.५४३ नॅनोमीटरचे. दोहोंत सुमारे दोन हजार पटींचे अंतर. हा उणा संवेग फोनॉन पुरवितो. फोनॉन स्वतःहून हजर असेल तर तो गिळला जातो, नसेल तर नवा निर्माण होतो. अशा त्रयस्थाच्या मदतीने होणारे काम सावकाश होते, म्हणूनच अवरक्ताजवळचा प्रकाश शोषण्यासाठी सिलिकॉनची चकती शेकडो मायक्रोमीटर जाड असावी लागते. गॅलियम आर्सेनाइडसारख्या पदार्थास काही मायक्रोमीटर पुरतात. मॅकफार्लेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० नंतरच्या दशकात सिलिकॉन आणि जर्मेनियम यांच्या शोषणाची सीमा बारकाईने मोजली, तेव्हा ती सपाट चढण नसून तिला पायऱ्या असल्याचे आढळले. प्रत्येक पायरीचे स्थान एकेका फोनॉनाच्या ऊर्जेशी जुळत होते. साहिबाबादेत घडविलेल्या प्रत्येक चकतीत हेच चालू असते.

पण या पायऱ्या फक्त काही मोजक्या फोनॉनांविषयीच बोलतात. स्फटिकात कंपने असंख्य तरंगलांबींची असतात, आणि युग्मन प्रत्येकाशी वेगळे असू शकते. सर्वांची झडती घ्यायची तर असा दूत हवा की ज्याची तरंगलांबी अणूंमधील अंतराइतकी असेल. असा एक दूत क्ष-किरण होय.

क्ष-किरणांनी स्फटिकाची छायाचित्रे घेण्याचे तंत्र १९१२ पासून ज्ञात होते. अणू स्थिर असते तर छायाचित्रात केवळ रेखीव ठिपके उमटले असते. अणू कंप पावतात म्हणून काही किरण ठिपक्यांच्या आजूबाजूस विखुरतात. फाक्सेन आणि वॉलर यांनी १९२० नंतरच्या दशकातच हे गणिताने दाखविले होते. फ्रान्समध्ये लाव्हाल यांनी १९३८-३९ च्या सुमारास या विखुरण्याची पद्धतशीर मापने केली. आणि १९४० मध्ये बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर वेंकट रामन आणि पी. नीलकंठन यांनी हिऱ्याच्या क्ष-किरण छायाचित्रांत नेहमीच्या ठिपक्यांखेरीज जादा ठिपके पाहिले.

येथे एका मोठ्या वादास तोंड फुटले. रामन यांच्या मते हे ठिपके म्हणजे क्ष-किरणांनी जालकाची ठराविक कंपने जागृत केल्याचा पुरावा होता. ही पुंज-परावर्तने होत आणि फाक्सेन-वॉलर यांच्या तापलहरींच्या सिद्धांताने त्यांचा उलगडा होत नाही, असे त्यांचे म्हणणे. पुढे त्यांनी याहून व्यापक भूमिका घेतली. स्फटिकास मोजक्याच निश्चित कंप्रता असतात, कंप्रतांचा अखंड पट्टा नसतो, असे ते प्रतिपादू लागले. दुसऱ्या बाजूस माक्स बॉर्न होते. जालकाच्या कंपनांचा अखंड पट्टा मानणारा सिद्धांत त्यांनी आणि फोन कार्मान यांनी १९१२ मध्येच मांडला होता. योगायोग असा की हेच बॉर्न १९३५-३६ मध्ये रामन यांच्याच निमंत्रणावरून बंगळुरास काही महिने राहून गेले होते. लंडनमध्ये कॅथलीन लॉन्सडेल हिऱ्यांची छायाचित्रे घेऊन तापलहरींचा पक्ष बळकट करीत होत्या. त्याउलट रामन यांचे शिष्य आर. एस. कृष्णन यांनी हिऱ्याच्या द्वितीय श्रेणीच्या रामन वर्णपटात जी तीक्ष्ण शिखरे नोंदविली, ती गुरूच्या बाजूची साक्ष वाटत होती. मोजक्या कंप्रता नसतील तर तीक्ष्ण शिखरे येतील कोठून?

याचे उत्तर १९४८ मध्ये हेलन स्मिथ यांच्या आकडेमोडीने मिळाले. अखंड पट्ट्यातही काही कंप्रतांपाशी कंपनांची दाटी होते, आणि अशा दाटीच्या जागी वर्णपटात शिखर उमटते. रस्त्यावर वाहने सलग धावत असली तरी चौकापाशी ती साचतात. उंचावरून पाहणाऱ्यास तेथे ठिपका दिसतो, म्हणून वाहने चौकातच राहतात असे नव्हे. रामन यांनी हे स्पष्टीकरण अखेरपर्यंत स्वीकारले नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बंगळुरात मोजलेली शिखरे चुकीची नव्हती. छायाचित्रे खरी होती, मापने उत्तम होती, आणि तरीही त्यांतून काढलेला निष्कर्ष टिकला नाही. कारण शिखरापासून कंपनापर्यंत जाताना मध्ये जे गणिती प्रतिमान वापरावे लागते ते दोन्ही पक्षांचे वेगळे होते.

वादाचा निकाल दुसऱ्याच एका दूताने लावला. अणुभट्टीतून निघणाऱ्या मंद न्यूट्रॉनांची तरंगलांबी अणूंमधील अंतराइतकी असते आणि त्यांची ऊर्जाही फोनॉनांच्या ऊर्जेइतकीच असते. त्यामुळे न्यूट्रॉन स्फटिकातून जाताना फोनॉनाशी भिडला तर त्याच्या ऊर्जेतील फरक सहज कळतो. कॅनडातील चॉक रिव्हर येथे बर्ट्रम ब्रॉकहाऊस यांनी या मापनासाठी खास वर्णपटमापक उभारला होता. तेथे भारतातून गेलेल्या पी. के. अय्यंगार यांनी ब्रॉकहाऊस यांच्यासह जर्मेनियममधील कंपने मोजली. त्यांचा निबंध १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. जर्मेनियमची अणुरचना हिऱ्यासारखीच असते, हे येथे महत्त्वाचे. कंप्रता तरंगलांबीबरोबर अखंडपणे बदलत जाते असे या मापनांत स्वच्छ दिसले. अय्यंगार परतल्यावर मुंबईजवळ तुर्भे येथे, १९५६ मध्ये सुरू झालेल्या अप्सरा आणि १९६० मध्ये सुरू झालेल्या सायरस या अणुभट्ट्यांवर असेच वर्णपटमापक उभे राहिले आणि मॅग्नेशियम, बेरिलियम अशा धातूंची कंपने तेथे मोजली गेली. हे उपकरण तुर्भ्यातच बांधले गेले होते. डिसेंबर १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने न्यूट्रॉनांच्या अशा प्रकीर्णनावरील आपले चर्चासत्र मुंबईत भरविले, यावरून या कामाची प्रतिष्ठा लक्षात येईल. ब्रॉकहाऊस यांना १९९४ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

मग क्ष-किरण मागे का पडले? अडचण ऊर्जेच्या प्रमाणाची होती. ०.१ नॅनोमीटर तरंगलांबीच्या क्ष-किरण फोटॉनाची ऊर्जा सुमारे १२,४०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. त्यातून फोनॉनाने ०.०५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट उचलले तर तो फरक अडीच लाखांत एक इतका. फोनॉनांच्या शिखरांची रुंदीही कळावी असे वाटत असेल तर ही अचूकता आणखी वीस-पंचवीस पटींनी वाढवावी लागते. दिल्ली ते मुंबई हे अंतर वीतभर चुकीच्या आत मोजण्यासारखाच हा प्रकार. सिंक्रोट्रॉन नावाच्या वर्तुळाकार त्वरकांतून अतिशय प्रखर क्ष-किरण मिळू लागले तेव्हा कोठे हे शक्य झाले. १९८७ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे बुर्केल, डॉर्नर आणि पाइसल यांनी बेरिलियममधील फोनॉन क्ष-किरणांनी प्रत्यक्ष वेगळे करून दाखविले. भारतात इंदूर येथे इंडस-१ आणि इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन उभारण्यात आले. त्यांतील इंडस-२ मधील इलेक्ट्रॉनांची ऊर्जा अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे.

फोनॉनाचे शिखर हाती आले की युग्मनाचा एक माग लगेच मिळतो. धातूतील फोनॉन आपली ऊर्जा इलेक्ट्रॉनांना देऊन विरून जाऊ शकतो. युग्मन जितके बलवान तितके फोनॉनाचे आयुष्य अल्प, आणि पुंजयामिकीच्या नियमानुसार आयुष्य जितके अल्प तितके शिखर रुंद. शिखराच्या रुंदीवरून युग्मनाची संख्या काढण्याचे सूत्र फिलिप ॲलन यांनी १९७२ मध्ये दिले. मॅग्नेशियम डायबोराइड हा पदार्थ ३९ केल्व्हिन तापमानास अतिसंवाहक होतो असे २००१ मध्ये जपानमध्ये आढळले, आणि २००३ मध्ये फ्रान्समधील ग्रनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर अभय शुक्ला व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातील फोनॉन मोजले. बोरॉनच्या थरांना ताणणारे एक विशिष्ट कंपन शेजारच्या कंपनांहून कितीतरी पट रुंद निघाले. येथे गणित आणि मापन यांचे जुळले.

अतिसंवाहकतेचा उल्लेख आला आहे तर तिचा या प्रकरणाशी असलेला संबंध सांगितला पाहिजे, कारण युग्मनाच्या संख्येला एवढे मोल आले ते मुख्यतः तिच्यामुळे. सुंभाने विणलेल्या बाजेवर एक मूल बसले की विणीला झोळ पडतो, आणि जवळच बसलेले दुसरे मूल त्या झोळाकडे घरंगळते. इलेक्ट्रॉनाभोवती जालकास असाच झोळ पडतो. एरवी एकमेकांना दूर लोटणारे दोन इलेक्ट्रॉन त्यामुळे जोडीने वावरू लागतात. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांचा १९५७ चा सिद्धांत याच जोडीवर उभा आहे. (बाजेचा झोळ बसल्या क्षणी पडतो, जालकाचा मात्र इलेक्ट्रॉन पुढे निघून गेल्यावर काही काळ मागे रेंगाळतो, एवढा फरक लक्षात ठेवावा.) पुढे १९८६ मध्ये बेडनोर्झ आणि म्यूलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडांतील अतिसंवाहकता शोधली, तीही प्रबळ युग्मन असलेली ऑक्साइडे धुंडाळताना. पण या ऑक्साइडांत इलेक्ट्रॉनांची जोडी खरोखर कोण जुळविते, फोनॉन की इलेक्ट्रॉनांचे चुंबकीय संबंध, याविषयी एकमत नाही. म्हणूनच तेथे युग्मनाची खात्रीची संख्या मिळणे ही केवळ सारणीतील जागा भरण्याची बाब राहत नाही. एका मोठ्या वादाचे पारडे तिने खालीवर होऊ शकते.

या ऑक्साइडांसाठी एक वेगळी पद्धत पुढे आली. तिला अनुस्पंदी अस्थितिस्थापक क्ष-किरण प्रकीर्णन म्हणतात. नाव अवघड असले तरी कल्पना सोपी आहे. क्ष-किरणांची ऊर्जा अशी नेमकी जुळवायची की ती एखाद्या मूलद्रव्याच्या अणूतील अगदी आतल्या इलेक्ट्रॉनास उचलून बाहेरच्या रिकाम्या जागी ठेवील. ऑक्सिजनसाठी ही ऊर्जा सुमारे ५३० इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तांब्याच्या एका कक्षेसाठी सुमारे ९३१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. आत एक पोकळी राहते आणि बाहेर एक जादा इलेक्ट्रॉन. ही स्थिती क्षणभरच टिकते. पोकळी भरून निघते आणि नवा क्ष-किरण फोटॉन बाहेर पडतो. परंतु त्या क्षणभरात आसपासच्या अणूंवरील बल बदललेले असते. ते हलू लागतात, आणि पोकळी भरल्यावरही हलतच राहतात. या हालचालीपुरती ऊर्जा बाहेर पडणाऱ्या फोटॉनात कमी भरते. वर्णपटात म्हणून मूळ शिखराच्या खालच्या अंगास एक फोनॉन, दोन फोनॉन, तीन फोनॉन अशी शिखरांची शिडी उमटते. २०१३ मध्ये वेई-शेंग ली व सहकाऱ्यांनी कॅल्शियम आणि यिट्रियम असलेल्या, तांबे व ऑक्सिजन यांच्या साखळ्यांच्या एका ऑक्साइडात ०.०७ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या फोनॉनाची अशी शिडी ऑक्सिजनच्या अनुस्पंदनाशी पाहिली.

या शिडीच्या पायऱ्यांची उंची सावकाश घटत असेल तर युग्मन प्रबळ, झपाट्याने घटत असेल तर दुर्बळ, एवढे ढोबळपणे सांगता येते. संख्या हवी तर प्रतिमान हवे. सर्वांत सोपे प्रतिमान असे. स्प्रिंगला टांगलेले एक पारडे कल्पावे. त्यात अचानक वजन ठेवले की पारड्याचा समतोल बिंदू खाली सरकतो आणि पारडे त्याकडे जाऊ लागते. थोड्याच वेळात वजन उचलून घेतले तर पारडे हेलकावे खात राहते. वजन म्हणजे जादा इलेक्ट्रॉन आणि त्याची पोकळी. पारडे म्हणजे जालक. वजनासह पारडे नव्या समतोलावर स्थिरावले असते तर जितकी ऊर्जा मोकळी झाली असती तिला एका फोनॉनाच्या ऊर्जेने भागावे. येणारी संख्या हे युग्मनाचे माप. हे गणित नवे नाही. स्फटिकांतील रंगकेंद्रे प्रकाश कसा शोषतात हे समजावून घेण्यासाठी हुआंग कुन आणि ॲव्हरिल ऱ्हिस यांनी १९५० मध्ये ते मांडले होते. हे हुआंग म्हणजे पुढे १९५४ मध्ये बॉर्न यांच्यासमवेत जालकाच्या गतिकीवरील प्रसिद्ध ग्रंथ लिहिणारेच. लुक आमेंत, मिशेल व्हान व्हीनेंडाल आणि येरून व्हान डेन ब्रिंक यांनी २०११ मध्ये हेच पारडे क्ष-किरणांच्या या प्रकीर्णनास लावले आणि शिखरांच्या गुणोत्तरावरून युग्मन काढण्याचा मार्ग दाखविला.

आता काळाचा हिशेब पाहावा. ०.०७ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या फोनॉनास एक संपूर्ण हेलकावा घेण्यास सुमारे ५९ फेमटोसेकंद लागतात. फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग. ऑक्सिजनमधील पोकळी मात्र चारएक फेमटोसेकंदांतच भरून निघते. म्हणजे पारड्यात वजन राहते ते हेलकाव्याच्या जेमतेम चौदाव्या हिश्श्यापुरते. पारडे धड हलतही नाही तोच वजन उचलले जाते! एवढ्या अवधीतही दोन-तीन फोनॉनांची शिखरे दिसली तर वजन भारी होते असा तर्क करता येतो. तांब्यातील पोकळी याहूनही अल्पायुषी, म्हणून तेथे बहुधा पहिलेच शिखर काय ते ठळक दिसते.

याच हिशेबात पहिला धोका दडलेला आहे. अवधी इतका अल्प असतो तेव्हा दुसऱ्या आणि पहिल्या शिखराचे गुणोत्तर युग्मनाच्या मापाच्या प्रमाणात, परंतु पोकळीच्या आयुष्याच्याही वर्गाच्या प्रमाणात असते. आयुष्य गृहीत धरताना दहा टक्क्यांची चूक झाली तर युग्मनात सुमारे वीस टक्क्यांची चूक येते, आणि वर्णपट पाहून ती कळत नाही. गणिताने काढलेली वक्ररेषा दोन्ही वेळा मापनाशी तितकीच सुबक जुळते. यावर एक तोड निघाली. क्ष-किरणांची ऊर्जा अनुस्पंदनापासून मुद्दाम थोडी दूर नेली की मधल्या अवस्थेचा परिणामकारक अवधी आणखी घटतो आणि फोनॉनाचे शिखर उतरू लागते. ते किती वेगाने उतरते यावरून युग्मन काढता येते. मात्तेओ रॉस्सी व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये तांब्याच्या ऑक्साइडावर ही रीत वापरून दाखविली. पोकळीच्या आयुष्याची गरज तीतही संपत नाही. पण एका वर्णपटाऐवजी वर्णपटांची मालिका हाती असल्याने चुकीस आडोसा कमी मिळतो.

दुसरा धोका प्रतिमानाच्या साधेपणाचा. पारड्यात ठेवलेले वजन तेथेच राहते असे आपण धरले. स्फटिकातील इलेक्ट्रॉन मात्र एका जागी बसून राहण्यास बांधलेला नसतो. तो शेजारच्या अणूवर उडी मारू शकतो. वजनच निघून गेले तर पारड्याला वाकण्यास वेळ कमी मिळतो, शिखरे बुटकी होतात, आणि साधे प्रतिमान वापरणारा युग्मन आहे त्याहून दुर्बळ समजून बसतो. क्रिझटोफ बिएनियाश, स्टीव्हन जॉन्स्टन आणि मोना बेर्चू यांनी २०२१ मध्ये इलेक्ट्रॉनास फिरण्याची मोकळीक देणारे गणित मांडले, ते याच कारणास्तव. शिवाय खऱ्या स्फटिकात एकच पारडे नसते. अनेक प्रकारची कंपने जवळजवळच्या ऊर्जांवर असतात, आणि एकाचे दुसरे शिखर दुसऱ्याच्या पहिल्या शिखरावर येऊन बसू शकते. अशा वेळी शिडी कोणाची हे ठरविण्यास न्यूट्रॉनांची जुनी मापने उपयोगी पडतात. कंपनांच्या ऊर्जा तरी त्यांनी निश्चित केलेल्या असतात.

तिसरा प्रश्न सर्वांत मूलगामी, आणि चुकीच्या आकड्याचा नसून चुकीच्या नावाचा आहे. अतिसंवाहकतेच्या सिद्धांतास हवे असते ते धातूत वावरणाऱ्या इलेक्ट्रॉनाचे युग्मन. क्ष-किरणाने निर्माण केलेल्या अवस्थेत मात्र जादा इलेक्ट्रॉन एकटा नसतो. त्याच्या शेजारी आतल्या कक्षेतील पोकळी असते. ऋण भार आणि धन भार एकमेकांस धरून असतात. अशा जोडीस एक्सिटॉन म्हणतात. पारड्यात ठेवलेले वजन या जोडीचे असते, एकट्या इलेक्ट्रॉनाचे नव्हे. आंद्रेई गेओंद्झियान आणि कीथ गिल्मोर यांनी २०१८ मध्ये ज्यांचे वर्णपट निःसंदिग्ध आहेत अशा लहान रेणूंवर आपले गणित पडताळून पाहिले, आणि या प्रकीर्णनात दिसते ते एक्सिटॉन आणि फोनॉन यांचे युग्मन होय, रूढ अर्थाने इलेक्ट्रॉन-फोनॉन युग्मन नव्हे, असा निष्कर्ष काढला. पोकळीचा धन भार जादा इलेक्ट्रॉनाचा परिणाम काही कंपनांपुरता झाकू शकतो आणि काहींपुरता स्वतःची भर घालू शकतो. त्यामुळे दोन युग्मनांमधील फरक एखाद्या ठराविक गुणकाने दुरुस्त करता येईल असा नाही. प्रत्येक पदार्थासाठी, प्रत्येक कंपनासाठी तो वेगळा काढावा लागतो.

म्हणून एखाद्या ऑक्साइडासाठी या पद्धतीने मिळालेली संख्या अतिसंवाहकतेच्या सूत्रात तशीच घालणे उचित ठरत नाही. मधल्या अवस्थेतील एक्सिटॉनाचे गणित प्रथम मांडावे, त्यातून पूर्ण वर्णपट तयार करावा, तो मापनाशी ताडून पाहावा, आणि दोन्ही जुळल्यावर त्याच गणितातील पोकळी वगळून एकट्या इलेक्ट्रॉनाचे युग्मन काढावे, असा लांबचा मार्ग घ्यावा लागतो. तो खर्चिक आहे, कारण अणूंच्या प्रत्येक हालचालीबरोबर एक्सिटॉनाची ऊर्जा किती बदलते हे संगणकावर स्वतंत्रपणे काढावे लागते. लहान रेणूत अशा हालचाली मोजक्या असतात. तांब्याच्या ऑक्साइडाच्या एका घरात डझनभर अणू असले तर प्रत्येक तरंगलांबीमागे छत्तीस कंपने येतात, आणि तरंगलांबी तर असंख्य.

सिलिकॉनच्या बाबतीत हा मार्ग बराच चालून झालेला आहे. त्यात अडसर घालणारे चुंबकीय संबंध नाहीत, एका घरात अणू दोनच, आणि कंपने न्यूट्रॉनांनी व क्ष-किरणांनी नीट मोजलेली. शून्य तापमानाजवळचे १.१७ सामान्य तापमानास १.१२ का होते, आणि शोषणाच्या सीमेवरील पायऱ्या कोठे व किती उंच पडाव्यात, हे आता अणूंच्या मांडणीपासून सुरुवात करून गणिताने काढता येते, आणि ते मापनाच्या जवळ येते. साहिबाबादेत पहिला घट तयार झाला तेव्हा कारागिरांना यातील एकही आकडा हिशेबात घ्यावा लागला नव्हता. चकती पुरेशी जाड ठेवावी आणि पटलामागून वारा खेळता राहू द्यावा, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असले तरी पुरेसे होते.